प्राथमिक शाळेत रचना आणि तंत्रज्ञान : आपल्या मुलांना ते का शिकवावे?

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या शेतीप्रधान भागाचे रूप पालटू लागले. पुढील काळात टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे उद्योग आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान वर्कशॉप पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या परिसरात उभी राहिली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. उद्योगांचा ओघ नाशिक रस्त्याने पुढे सरकत चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत पोहोचला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर येथून पोटासाठी निघालेली आपली कुटुंबे या ओघाबरोबरच येथे आली व स्थिरावली. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील आज प्रेस शॉपमध्ये, असेंब्ली लाइनवर, पॅकिंगमध्ये, बांधकामावर किंवा सफाईच्या कामावर आहेत.

अशा परिसरातील मुलाच्या कानावर वेल्डिंग, डाय, फिक्स्चर, सीएनसी हे शब्द बाराखडी पुरी होण्याआधीच पडतात. परंतु ‘ही वस्तू अशीच का केली असेल? दुसऱ्या प्रकारे करता येईल का?’ या प्रश्नासाठी प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याचा एकही तास मनापासून राखलेला नसतो. हा प्रश्न विचारावयास आणि त्याचे उत्तर हाताने करून पाहावयास शिकविणारा विषय म्हणजे रचना आणि तंत्रज्ञान होय. तो काय आहे, आपल्या समाजाच्या दृष्टीने त्याचे मोल काय आणि पहिली ते पाचवीच्या वर्गांत तो कसा शिकविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे स्वरूप

‘तंत्रज्ञान’ म्हटले की आज संगणक आणि मोबाइल डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः माणसाने एखादी गरज भागविण्यासाठी विचारपूर्वक केलेली कोणतीही वस्तू अथवा पद्धत हे तंत्रज्ञानच आहे. खलबत्ता, छत्री, कपडे वाळत घालण्याचा चिमटा, रांजण, कांदाचाळ, सायकल ही सर्व तंत्रज्ञानाची रूपे आहेत. ‘डिझाइन’ या इंग्रजी शब्दासाठी परिभाषेत ‘अभिकल्प’ असा शब्द योजला जातो. या लेखात मी ‘रचना’ हा सोपा शब्द वापरतो. गरज ओळखणे, तिच्यावर दोन-तीन उपाय सुचविणे, त्यांतील एक निवडून त्याचे चित्र काढणे, मापे ठरविणे, वस्तू करणे, ती तपासणे आणि उणीव आढळल्यास ती सुधारणे एवढा सर्व प्रवास या एका शब्दात येतो.

आपल्या शाळांत ‘कार्यानुभव’ नावाचा विषय आहेच, मग हे नवे काय, असे कोणी विचारील. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, ती ज्ञान आणि उत्पादक काम यांची सांगड घालण्यासाठी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी या तासाला शिक्षक नमुना दाखवितात, चाळीस मुले त्याच नमुन्याचे चाळीस आकाशकंदील करतात. आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताकडे जातो. चाळीस सारख्या आकाशकंदिलांत हात चालतो, निवड मात्र शिक्षकाचीच असते. रचनेच्या तासाला चाळीस मुलांकडून चाळीस सारख्या वस्तू आल्या, तर शिकविण्यात काहीतरी चुकले असे समजावे.

पालकांची शंका आणि तिच्यामागचा इतिहास

मुलांना शाळेत पुठ्ठा, कात्री, सुतळी, हातोडी दिली की काही पालक अस्वस्थ होतात. ‘हातोडी सुटावी म्हणून पोराला शाळेत घातले, शाळाही हातोडीच देणार असेल तर आमच्या कष्टाचा उपयोग काय?’ हा त्यांचा प्रश्न असतो. त्याला अडाणीपणा समजणे हा मोठा अन्याय ठरेल. त्या प्रश्नाच्या मागे पिढ्यांचा अनुभव उभा आहे.

गावगाड्यात तांत्रिक ज्ञान होते, आणि त्यातील फार मोठा वाटा आपल्या पूर्वजांकडे होता. चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवून केस काढणे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या रसात ते कमावणे, वाख काढून दोर वळणे ही सर्व कौशल्ये निरीक्षणातून आणि प्रयोगातून विकसित झालेली होती. चामड्याची मोट हे त्याचे उत्तम उदाहरण. मोटेला सोंड असते. एक दोर मोटेला आणि दुसरा सोंडेच्या तोंडाला बांधलेला असतो. वर येताना सोंड उंच धरली जाते म्हणून पाणी सांडत नाही. काठावर येताच ती सैल पडून पुढे येते आणि माणसाचा हात न लागता सारे पाणी थारोळ्यात रिकामे होते. दख्खनच्या विहिरींवरील बागायत शतकानुशतके या रचनेवर चालली. परंतु ही रचना ज्यांच्या हातून घडली, त्यांना ना लिहिण्याचा अधिकार होता, ना कामाचा दाम ठरविण्याचा, ना ते काम सोडून दुसरे निवडण्याचा. त्यांचे ज्ञान ‘ज्ञान’ या नावाने कधी ओळखलेच गेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या व्यवस्थेचे मर्म उघड केले. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी असल्याचे तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही उच्चनीचतेची पायरी लावून केलेली. काम माणसाच्या कुवतीवर व आवडीवर न ठरता जन्मावर ठरते, म्हणून त्या कामात ना मन रमते ना बुद्धी, हेही त्यांनी नोंदविले.

शाळेच्या दारानेही हा धोका एकदा आत आला होता. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी ती योजना होती. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा, परटाच्या मुलाने इस्त्री, आणि ज्याच्या घरी सफाईचे काम त्याने झाडू, असाच तिचा व्यवहारातील अर्थ होता. पेरियार यांच्या चळवळीने तिला ‘कुलशिक्षण योजना’ म्हणून कडाडून विरोध केला आणि १९५४ साली कामराज सरकारने ती रद्द केली. त्याआधी १९३७ साली वर्ध्यात मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाचा हेतू श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त श्रमच आले, त्यांना श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्याआधी ज्ञानाची दारे उघडून देणे अधिक निकडीचे होते.

म्हणूनच आपल्या परंपरेतील विचारवंतांनी शिक्षणाचा आग्रह धरताना उपयुक्त ज्ञान आणि उच्च ज्ञान दोन्ही मागितले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य यांचाही समावेश असावा असे सुचविले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी सरकारला निवेदन सादर केले. त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत उमेदवारीची मागणी होती. यंत्राच्या जगात आपली मुले केवळ हमाल म्हणून शिरू नयेत, ही दृष्टी त्यामागे स्पष्ट दिसते.

व्यवसाय आणि रचना यांतील भेद

पालकांच्या शंकेचे उत्तर या इतिहासातच आहे. व्यवसाय-प्रशिक्षण मुलाला एक ठरलेली वस्तू ठरलेल्या रीतीने करावयास शिकविते. रचनेचे शिक्षण त्याला कोणत्याही वस्तूकडे प्रश्न घेऊन पाहावयास शिकविते. पहिल्यातून कामगार तयार होतो. त्याची गरज आहे, पण तो प्राथमिक शाळेचा हेतू असू शकत नाही. दुसऱ्यातून विचार करणारा, मोजणारा, चित्रातून दुसऱ्याला समजावणारा नागरिक तयार होतो. मग तो पुढे वकील होवो, परिचारिका होवो की अभियंता.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथील त्यांचे प्राध्यापक जॉन ड्यूई यांनी त्याआधी, १८९६ साली, शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली होती. तेथे मुले विणत, रांधत, सुतारकाम करीत. कापूस आणि लोकर त्यांच्या हातात दिली गेली. सरकीतून कापूस वेगळा करावयास मुले अर्धा तास बसली आणि एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, कापूसही निघाला नाही. लोकरीचे कापड सुती कापडाच्या आधी का पसरले आणि सरकी काढणाऱ्या यंत्राने एवढी उलथापालथ का झाली, हे त्या मुलांना हाताने कळले. येथे कोणालाही विणकर बनवावयाचे नव्हते. हात इतिहासाकडे, भूगोलाकडे आणि विज्ञानाकडे जाण्याचे दार झाला होता. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा प्रयोग विशेष मोलाचा वाटतो.

इंग्लंडमध्ये १९९० पासून हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला आणि पाच वर्षांच्या मुलापासून तो शिकविला जाऊ लागला. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर शिकण्याची तरतूद आहे. ती चांगली असली, तरी सहावीत अचानक कारागिरापुढे उभे राहिलेले मूल केवळ पाहुणे ठरते. प्रश्न विचारण्याची सवय त्याआधीच लागली पाहिजे. शिवाय हे दहा दिवस कोणत्या मुलाला कोणत्या कारागिराकडे नेतात, याकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

पहिली ते चौथी : उघडणे, पाहणे, जुळविणे

पहिली-दुसरीच्या मुलांनी वस्तू हाताळाव्यात, उघडाव्यात आणि बोलावे. बाटलीचे फिरकीचे झाकण, कपड्यांचा चिमटा, छत्री, कंपासपेटीची बिजागरी या चार वस्तूंवर महिनाभराचे तास होऊ शकतात. चिमट्यातील स्प्रिंग काढली तर काय होते? छत्रीची काडी कोठे वाकते? उत्तर तोंडी, चित्रात किंवा हातवाऱ्यांनी आले तरी चालेल.

तिसरीत पदार्थांचे गुण यावेत. दोन पुस्तकांमध्ये वीतभर अंतर ठेवून त्यावर साधा कागद पुलासारखा टाका. खडूच्या तुकड्यानेही तो खाली वाकतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला; आता तो कितीतरी खडू पेलतो. मग मुलांना पत्र्याच्या छपराकडे पाहावयास सांगा. पत्र्याला पन्हळी का असतात, हे पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. त्या खोलीची लाज वाटण्याऐवजी तिच्यातील विज्ञान त्याच्या हाती येते.

चौथीत खरी गरज समोर ठेवावी. निवासी शाळेला गरजा शोधीत हिंडावे लागत नाही. न्हाणीघरात साबण पाण्यात राहून विरघळतो, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, शयनगृहाच्या दारात चपलांचा ढीग होतो. ‘साबण कोरडा राहील अशी साबणदाणी करा’ हे काम वरकरणी लहान दिसते; पण त्यात पाणी खाली जाण्यासाठी भोके, साबण उचलून धरण्यासाठी कंगोरे, पाणी वाहण्यासाठी उतार, आणि भोक किती मोठे केले तर साबणच खाली पडेल, असे सारे प्रश्न येतात. तपासणीही साधी आहे. साबणाचे वजन पहिल्या दिवशी करावे, आठ दिवसांनी पुन्हा करावे.

पाचवी : कांदाचाळीचा एक प्रकल्प

पाचवीच्या मुलांसाठी दीड-दोन महिने चालणारा एक प्रकल्प येथे सविस्तर सांगतो, कारण तो आपल्या परिसरातूनच उगवतो. चाकण मोटारींच्या आधी कांद्यासाठी प्रसिद्ध होते आणि तेथील महात्मा फुले बाजारात आजही कांद्याची मोठी उलाढाल होते. उन्हाळी कांदा काढल्यावर शेतकरी तो पुढील काही महिने चाळीत साठवितो. तो सडू नये यासाठी चाळ कशी असावी, हा मुलांपुढील प्रश्न.

पहिल्या आठवड्यात पाहणी करावी. जवळच्या शेतातील चाळ पाहून मुलांनी नोंदी घ्याव्यात. चाळीचा तळ जमिनीपासून उंच का? बाजूंना भिंतीऐवजी फटी ठेवलेल्या पट्ट्या का? छपराला उतार का, आणि ते बाजूंच्या पुढे का आलेले? कांद्याचा ढीग फार उंच का करीत नाहीत? शेतकऱ्याला हे प्रश्न विचारणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

दुसऱ्या आठवड्यात चित्र. प्रत्येक मुलाने समोरून, बाजूने आणि वरून कशी दिसेल अशी तीन चित्रे काढावीत व सेंटिमीटरमध्ये मापे लिहावीत. येथे मुले अडखळतात. समोरून काढलेल्या चित्रात छप्पर वरून दिसते तसे येते, आतले कांदे भिंतीतून दिसू लागतात. हे स्वाभाविक आहे. तीन बाजूंनी पाहण्याची ही सवय पुढे नकाशा, भूमिती आणि यंत्राचे ड्रॉइंग वाचताना उपयोगी पडते. चित्राशेजारी साहित्याची यादी आणि कामाचा क्रम लिहिल्याशिवाय कात्री हाती देऊ नये.

त्यानंतर बांधणी. पुठ्ठा, खराट्याच्या काड्या, बांबूच्या कामट्या, सुतळी, डिंक एवढे साहित्य पुरते. धारदार चाकू शिक्षकाकडे राहील, मुलांना गोल टोकाच्या कात्र्या द्याव्यात. बांधताना आराखडा बदलावा लागला तर तो वहीत लाल पेनाने बदलावा, खोडून टाकू नये. आधी काय ठरविले आणि नंतर का बदलले, याची ती नोंदच शिकण्याचा पुरावा असते.

मग तपासणी तीन प्रकारे. एक किलो कांदे ठेवल्यावर तळ वाकतो का? झारीने वरून पाणी टाकल्यावर आतला कागद ओला होतो का? शिक्षकांनी खालच्या बाजूला अगरबत्ती धरली तर धूर आतून वर जातो का? शेवटी एक किलो कांदे प्रतिकृतीत आणि एक किलो कांदे तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले मुलांना लवकरच दिसतात. तीन आठवड्यांनी दोन्हींचे वजन, वास, कोंब व सडलेले कांदे यांची नोंद करावी. कांदाही श्वसन करतो, ओलावा टाकतो आणि तो ओलावा कोंडला की बुरशीला आयते घर मिळते, हे परिसर अभ्यासातील वाक्य आता पाठ करावे लागत नाही.

सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश आपल्या मुलांना ठाऊक आहे. तो आचरणात कसा आणावा, याचा हा एक साधा पाठ आहे.

महाराष्ट्रातील वाटा

या कामासाठी आपल्याला दूर पाहण्याची गरज नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) सहावीच्या आसपासच्या मुलांसाठी या विषयाचे पाठ तयार करून तपासले. पिशवी करणे, वजन उचलणाऱ्या पवनचक्कीची प्रतिकृती करणे आणि बाहुल्यांचा खेळ उभा करणे असे ते तीन पाठ होते. शहरातील इंग्रजी व मराठी माध्यमाच्या आणि ग्रामीण मराठी शाळेतील मुलांनी ते केले. या पाठांत मुले गटात चर्चा करून आधी चित्र काढतात, कामाची योजना लिहितात, मग वस्तू करतात आणि अखेरीस स्वतःच्या व दुसऱ्या गटाच्या वस्तूचे मूल्यमापन करतात. वरील कांदाचाळीचा क्रम याच वाटेने जातो.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून विकसित झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी आहे आणि त्यात कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन ही चारही क्षेत्रे एकच विद्यार्थी शिकतो. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाक व रक्ततपासणी शिकतो. एका जन्माला एक काम या कल्पनेला याहून स्वच्छ उत्तर कोणते?

तिसरे उदाहरण तर याच पट्ट्यातून निघाले. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते पुण्यातील टेल्कोत नोकरीस होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे त्यांनी आयुष्यच या कामाला दिले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन, घन आणि घरांचे सांगाडे करण्याची त्यांची युक्ती कोणत्याही शाळेला परवडते. नळीच्या तुकड्यांनी जोडलेला चौकोन दाबला की मोडतो, त्रिकोण मोडत नाही. विजेच्या मनोऱ्यात आणि पुलांत त्रिकोण का दिसतात, हे दोन मिनिटांत समजते. नंतर अनेक वर्षे त्यांनी पुण्यातील आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गटात झाडू कोण मारतो?

या विषयात शिक्षकाने एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवले पाहिजे. पाच मुलांचा गट केला की कामे आपोआप वाटली जातात. ज्याचे अक्षर सुंदर तो लिहितो, जो बोलका तो ठरवितो, जो दांडगा तो कापतो, जो मागे उभा असतो तो सामान आणून देतो, आणि कचरा बहुधा मुली उचलतात. कोणी कोणाला सांगितलेले नसते. आठवडाभर असेच चालू दिले की ती सवय होते. वर्षभर चालू दिले की ती व्यवस्था होते. श्रमिकांची विभागणी अशीच सुरू होते, आणि ती आपल्याच वर्गात, आपल्याच मुलांत होऊ शकते.

म्हणून कामे लिहून फिरती ठेवावीत: आराखडा काढणे, मोजणे, कापणे-जोडणे, नोंद ठेवणे, जागा स्वच्छ करणे. दर तासाला प्रत्येकाचे काम बदलेल. ज्याने चित्र काढले त्यानेच पुढल्या तासाला झाडू घ्यावयाचा, आणि झाडणाऱ्याने चित्र काढावयाचे. सुरुवातीला काम हळू होते, वस्तू ओबडधोबड निघतात. प्रदर्शनात त्या कमी शोभतील. पण ज्या हाताने झाडले त्याच हाताने आराखडा काढला, हे मुलाला दहाव्या वर्षी अनुभवास येणे ही सुबक वस्तूपेक्षा मोठी कमाई आहे. गुण देतानाही वस्तूच्या देखणेपणाला थोडे आणि वहीतील कारणांना अधिक गुण असावेत. पडलेला पूल का पडला हे नीट सांगणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

पालक व माजी विद्यार्थी यांच्यासाठी

औद्योगिक पट्ट्यातही हीच फाळणी नव्या रूपात दिसते. वरच्या मजल्यावर ड्रॉइंग होते, खाली लाइनवर बोल्ट आवळले जातात, आणि बोल्ट आवळणारा कंत्राटी हात बहुधा आपल्या वस्तीतून आलेला असतो. परंतु लाइनवरचा माणूस विचार करीत नाही, हे खरे नाही. फिक्स्चरमध्ये भाग एकाच बाजूने का बसतो, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असते. कारखान्यात याला जपानी भाषेतून आलेला ‘पोका-योके’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ चूक होऊच नये अशी रचना. मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, तो यासाठीच. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन जाड व लांब असते. जाड असल्याने ती चुकीच्या छिद्रात जात नाही आणि लांब असल्याने विजेच्या आधी तीच जोडली जाते. हे चौथीच्या मुलाला समजावून सांगण्यास लाइनवर काम करणाऱ्या वडिलांहून योग्य शिक्षक कोण? ज्या पालकांना शाळेत फक्त फी आणि गुणपत्रिका यांसाठी बोलाविले जाते, त्यांना एक तास शिकविण्यासाठी बोलावावे. आपल्या बापाला फळ्यासमोर उभे पाहणे हा मुलासाठी कोणत्याही पाठाहून मोठा पाठ आहे.

माजी विद्यार्थ्यांकडून संस्थेला मोठ्या देणगीची नव्हे, नेमक्या गोष्टींची अपेक्षा आहे. पॅकिंगचा कोरा पुठ्ठा आणि लाकडी पट्ट्या, बाद झालेले पण धार व तेल नसलेले नट-बोल्ट, जुन्या मोजपट्ट्या, एक चांगला वजनकाटा. जे टूल रूममध्ये, गुणवत्ता विभागात किंवा ड्रॉइंग विभागात आहेत, त्यांनी वर्षातून दोन शनिवार द्यावेत आणि मुलांचे आराखडे गंभीरपणे वाचावेत. चूक दाखवावी आणि तिचे कारणही विचारावे. ज्या माजी विद्यार्थिनी या क्षेत्रात आहेत, त्यांनी तर आवर्जून यावे.

दररोज वंदनेनंतर आपली मुले महामंगल सुत्त म्हणतात. त्यात बहुश्रुतता आणि शिल्प, म्हणजे ज्ञान आणि हाताचे कौशल्य, ही दोन्ही मंगले शेजारी शेजारी सांगितली आहेत. इतिहासाने ती आपल्यासाठी तोडली; एकाच्या हाती पोथी दिली आणि दुसऱ्याच्या हाती चाबूक, दोर, झाडू. आपल्या प्राथमिक वर्गांत, आठवड्याच्या दोन तासांत, पुठ्ठा आणि सुतळी यांच्या साहाय्याने ती पुन्हा एकत्र आणणे शक्य आहे. येत्या जूनपासून चौथी व पाचवीत याची सुरुवात व्हावी, ही या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्था, पालक आणि माजी विद्यार्थी यांना नम्र विनंती.